बिनगाठीची चौकट

चाचा, तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि खरं सांगायचं तर मला दुःखापेक्षा भीतीच जास्त वाटलीय. तुमच्या घरी चाचीच्या शेजारी बसले होते तेव्हासुद्धा. बायका हळू आवाजात कुराण वाचत होत्या, कुणीतरी मला पाण्याचा पेला आणून दिला, आणि मी मनात उंब्रजच्या आर्याला उभं धरणाऱ्या चौकटीचे सांधे मोजत होते. बावीस. परत मोजले, परत बावीस. हे सांधे आता कोण सोडवणार, कोण बांधणार, आणि बांधताना हात चुकला तर त्या सात वर्षांच्या पोरीचं काय होणार, एवढंच डोक्यात. मयताच्या घरी बसून असलं काहीतरी मोजत बसायची मला लाजही वाटली, पण मोजणं काही थांबेना.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "इंजनेरबाई, तू म्हंजे नुसती भित्री भागूबाई हायस बघ." दोन वर्षांत हे वाक्य मी तुमच्या तोंडून किती वेळा ऐकलं. आणि दर वेळी मी तेच उत्तर द्यायची, "चाचा, मी इंजिनिअर न्हाई, डिझायनर हाय."

आपली पहिली भांडणं तिथनंच सुरू झाली. मोहरमच्या आधी कडेगावात ताबूत बांधायचं काम चालू होतं आणि मी फोन, वही आणि मोजपट्टी घेऊन पलूसहून आले होते. मोठ्या शहरात जाऊन शिकून आलेली, वस्तू कशा करायच्या याची पदवी घेतलेली, आणि त्याच्या आधी अण्णांच्या नट-बोल्टच्या दुकानात वाढलेली पोर. पान्यानं आवळता येत नाही त्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी मांडवात शिरले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे बांबू कशानं चिकटवता?" तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "आदी चप्पल काढ."

चप्पल काढली. मग तुम्ही दाखवलंत. बांबूच्या कांबीवर कांब ठेवायची, सूत गुंडाळायचं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला दाबत न्यायचा आणि शेवटचं टोक आत सरकवून वरून चिकणमातीचा हात फिरवायचा. गाठ कुठंच नाही. एवढा उंच ताबूत, गल्लीतनं खांद्यावर जाणारा, आणि त्यात एक गाठ नाही! मी म्हणाले, "चाचा, हे सुटलं तर?" तुम्ही म्हणालात, "सुटंल की. सोडवायचंच आस्तंय की ते नंतर." मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. आणि बांधकाम वरनं खाली. कळसाकडचा मजला आधी, मग तो सगळ्यांनी मिळून उचलून धरायचा आणि त्याच्याखाली पुढचा मजला बांधायचा. मी आयुष्यात जे काही चितारलं होतं ते जमिनीपासनं वर गेलेलं होतं. त्या दिवशी मी वहीत काही लिहिलं नाही, नुसती बघत बसले. चाचीनं चोंगे दिले, मोहरमच्या त्या गोड पोळ्या, आणि म्हणाली, "ह्यात कांदा-लसूण न्हाई, बिनघोर खा."

डिझायनर म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगण्यात माझे कितीतरी चहा गार झाले. तुम्ही म्हणायचात, "म्हंजे चित्रं काढनारी?" मी म्हणायची, नाही. "मग सुतार?" नाही. "मग लोहार?" नाही हो! शेवटी मी वैतागून म्हणाले, "प्रत्येकाच्या कामाची भाषा शिकून घ्यायची, आणि सगळ्यांच्या मधे बसून एक वस्तू करायची." तुम्ही खो खो हसलात. "म्हंजे एजंट! सरळ सांग की मग!" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुमचा फोन आला, "एजंटबाई, राग ग्येला का न्हाई?"

त्या भांडणाचा निकाल लागलाच नाही. मला अजून नक्की सांगता येत नाही की मी काय करते. पण आर्याची चौकट झाली तेव्हा थोडंफार कळलं होतं, असं मला वाटतं.

पहिली चौकट मी एकटीनं केली होती, ते तुम्ही मला चिडवायला शेवटपर्यंत वापरलंत. आर्याला जन्मताना प्राणवायू कमी पडला, तिच्या पायांत बळ नाही. कऱ्हाडच्या फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हिला दिवसातनं दोन तास उभं धरणारी चौकट पाहिजे, छाती, कंबर आणि गुडघ्याला आधार देणारी, आणि हात मोकळे ठेवणारी. बाजारातली चौकट तिला बसेना, कारण तिच्या कमरेची डावी बाजू वर ओढलेली. मी माझ्या पलूसच्या शेडमधे बसून झकास नकाशा काढला, लोखंडी नळ्या घेतल्या, अण्णांच्या दुकानातले सोळा बोल्ट लावले. लोखंड असं चमकत होतं की मीच माझी पाठ थोपटून घेतली. आर्याला त्यात उभं केलं आणि तासाभरात ती रडायला लागली. बाहेर काढलं तर काखेत सोललेलं. तिची आई सविता नुसती पोरीच्या काखेवर फुंकर घालत बसली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती काखेतली लाल जखम माझ्या डोळ्यांपुढनं कधी गेलीच नाही, चाचा. तुम्ही मला भित्री म्हणायचात, पण माझ्या भीतीला कारण होतं. मी केलेल्या वस्तूनं एका लेकराचं कातडं सोललं होतं.

तुम्हाला फोटो दाखवला. तुम्ही चष्मा चढवून लय वेळ बघितलात आणि म्हणालात, "तू जिमिनीपास्नं वर ग्येलीस. पोरगी काय झाड हाय व्हय? तिला जितनं धरायचं तितनं सुरू कर की." मी म्हणाले, "म्हणजे?" तर तुम्ही पिशवी उचललीत आणि म्हणालात, "चल, पोरगी दाव."

तो दिवस मी कधी विसरणार नाही. सविता बाजेवर उभी राहिली आणि तिनं आर्याला काखेत धरून अधांतरी तोललं. तुम्ही खाली बसून आधी छातीचा पट्टा बांधलात. तिची छाती ज्या उंचीवर, जशी तिरकी, तसाच पट्टा. मग त्याच्याखाली कंबर. मग गुडघे. पाय आणि जमीन सगळ्यात शेवटी. सविताचे हात भरून आले की मी धरायची, माझे भरून आले की ती. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणत होत्या, गुडघा ताठ नको, पाच अंश वाकलेला ठेवा. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, "पाच अंश म्हंजे किती गं?" मी तुमच्या मनगटापाशी अंगठा आडवा धरला, "एवढं मागं." तुम्ही मान हलवलीत आणि कांब अंगठाभर मागं सरकवलीत. मग आटपाडीकडच्या मेंढरं पाळणाऱ्या लक्ष्मीमावशीनं दाबून, धुऊन मऊ केलेली लोकर आली. मावशी म्हणाली, मेंढीच्या मानेची लोकर घेतलीया, पोटाची टोचती. हे डॉक्टरीणबाईंना कुठलं माहीत असणार, आणि मला तरी कुठलं! शेवटी आर्याचा डावा पाय जमिनीपासनं अर्धं बोट वर राहिला, तिथं तुम्ही एक पाचर बसवलीत. पोरगी उभी राहिली. सरळ. हात मोकळे. तिनं पहिलं काम काय केलं, तर तुमची टोपी काढली.

आणि मी? मी बावीस सांध्यांकडं बघत होते. नुसतं सूत. इथं चिकणमाती नको म्हणून गव्हाच्या पिठाची खळ. ना बोल्ट, ना गाठ. मी म्हणाले, "चाचा, निदान गाठ तरी मारा. एकेक." तुम्ही म्हणालात, "पोर वाढतीया. गाठ वाढत न्हाई. सा म्हयन्यानं हे समदं सोडवाय लागंल, परत बांधाय लागंल. गाठ मारलीस तर कापाय लागंल, आन् कापलं की कांब दुखावती." मी म्हणाले, "आणि मधेच सुटलं तर?" तुम्ही हसलात. "भागूबाई!"

तर आता ऐका. तुम्हाला जे सांगितलं नाही ते हे.

लोकरीची वेष्टनं शिवायची म्हणून मी चौकट दोन दिवस पलूसला नेली होती. ते निमित्त होतं. दारं ओढून घेऊन मी अण्णांच्या दुकानातला तो दोन नळ्यांचा डिंक कालवला, वाळला की दगड होतो तो, आणि तुमच्या बावीसच्या बावीस सांध्यांना बुरशानं लावला. एक सोडला नाही. तुमच्या सुतावर तो डिंक पिवळा पिवळा मुरत गेला. मग वरनं लोकर शिवून टाकली, म्हणजे दिसायला नको. मला माहीत होतं की मी तुमचं काम नासवतेय. पण मला हेही माहीत होतं की आता मला झोप लागेल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. चौकटीवर हात ठेवलात, नाक वर केलंत. "वास कसला येतुया गं?"

"लोकरीचा," मी म्हणाले.

"लोकरीला आसा वास?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी सुईत दोरा ओवायला लागले. तुम्ही चहा प्यायलात, कपबशी विसळून उपडी घातलीत आणि एसटीला गेलात.

त्यानंतर तुम्ही मला मुद्दाम शिकवायला लागलात. "घरी खुर्चीच्या पायाला रोज शंभर येढं घालत जा." मी नाक मुरडून घालायची. कशाला शिकायचं, मला वाटायचं, तुम्ही आहात की. आणि मनातनं भीती, की सहा महिन्यांनी तुम्ही चौकट सोडवायला बसाल, लोकर उसवाल, आणि माझं पाप तुमच्या हाताला लागेल. मी रोज ठरवायची की आज सांगते. दिवाळीला फराळ घेऊन आले तेव्हा तर शब्द अगदी ओठावर आला होता. तुम्ही म्हणालात, "काय गं, तोंड का उतरलंय?" मी म्हणाले, "काय न्हाई, चाचा. ऊन लागलं." दिवाळीत ऊन! तुम्ही चकली मोडून खात राहिलात.

मग तुम्ही गेलात, दुपारी, बसल्या जागी. चाचीला वाटलं डोळा लागलाय.

नवव्या दिवशी सविताचा फोन. "ताई, आर्याची छाती दाबाय लागलीया. पट्टा वर चढलाय. लाल वळ उठलाय बघा." वळ हा शब्द ऐकला. परत तेच. परत माझ्याच हातानं. मी म्हणाले, आत घालू नका तिला, मी येते. आणि दहा दिवस गेले नाही. काय सांगू? सांगायला कारणं होती, शेडमधे काम होतं, अण्णांचा बीपी होता. खरं एवढंच की घाबरले होते. तो दगड झालेला डिंक फोडायचा म्हणजे करवत लावावी लागणार, कांबी फुटणार, आणि मग सगळी चौकट नव्यानं बांधायची. कुणी बांधायची? तुमच्या भावकीत बांधणारे आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, ताबूत बांधू, पोरगी उभी करायचं काम आमच्याच्यानं व्हनार न्हाई. त्यांनाही भ्या वाटलं.

शेवटी परवा गेले. गाडीच्या डिकीत करवतीचं पातं, कांबी आणि सुताची रिळं. कडेगाव ओलांडताना तुमच्या गल्लीकडं मान वळवली नाही. उंब्रजमधे पोचले तर आर्या बाजेवर बसून वाट बघत होती. "ताई, दहा दिस मी बसूनच हाय," तिनं तक्रार केली. त्या दहा दिवसांचा हिशेब देव मला विचारणार आहे.

मी खाली बसले, कात्री घेतली आणि पहिल्या सांध्यावरची लोकर उसवली.

डिंक नव्हता.

मला वाटलं, हा एक सांधा माझ्याकडनं राहून गेला असेल. दुसरा उसवला. नुसतं सूत, कोरडं, स्वच्छ, वेढ्याला वेढा लागलेला. तिसरा. चौथा. मी सगळी लोकर उसवत सुटले. बावीसच्या बावीस सांधे बिनडिंकाचे! मी चौकट तर बदलून आणली नाही ना, असंही मनात आलं. मी सविताला म्हणाले, "ह्याला कुणी हात लावला होता?"

सविता अवघडली. पदराला हात पुसत म्हणाली, "आवं ताई, चाचा आलंतं की. दिवाळीच्या आदी. एकटंच, यष्टीनं. दिवसभर बसलं हुतं. समदं चाकूनं कापून काडलं, नव्या कांबी घालून परत बांदलं. लोकर बी त्यांनीच शिवली. मी म्हनलं, ताईस्नी फोन लावू का? तर म्हनलं, नगं. इंजनेरबाईला सांगू नगा. भ्याली आसंल पोर."

चाचा, मला तुमचा इतका राग आला! हो, रागच आला आधी. दिवाळीपासनं वळ उठेपर्यंत ही पोरगी रोज दोन तास नुसत्या सुतावर उभी होती आणि मी तिकडं पलूसला, डिंक आहे म्हणून, गाढ झोपत होते. काही झालं असतं तर? तुम्ही मला न विचारता... आणि मग माझंच वाक्य माझ्यावर उलटलं. न विचारता कोणी काय केलं होतं? मी फराळ घेऊन आले होते त्या दिवशी तुम्हाला सगळं माहीत होतं. समोर बसून चकली खात होतात आणि माझ्या उतरलेल्या तोंडाकडं बघत होतात. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी तुमचे पाय धरले असते. तुम्ही बोलला नाहीत. मी बोलले नाही. आता बोलतेय तर ऐकायला कोण?

तुमचं शेवटचं बांधकाम सोडवायला माझा हात धजेना. सूत असं बसलं होतं की त्यावरनं नुसतं बोट फिरवावं. आर्या म्हणाली, "सोडव की गं." मी टोक शोधलं, तुम्ही आत सरकवलेलं, आणि ओढलं. एकदा ओढल्यावर सगळं सूत सरसर सुटून आलं, एका दमात. कांबीला चरासुद्धा पडला नव्हता. तुम्ही म्हणत होतात ते हेच होतं. मी ऐकलं होतं, पण माझ्या हाताला ते परवा कळलं.

मग आम्ही तशाच बसलो. सविता बाजेवर उभी, आर्या तिच्या हातात अधांतरी, मी खाली. छातीचा पट्टा आधी. डॉक्टरीणबाईंना फोन लावून आवाज मोठा करून ठेवला होता. त्या सांगत होत्या तसं मी करत होते, आणि तुम्ही सांगितलं होतं तसंही करत होते, आणि जिथं दोघांचं जुळेना तिथं अंगठा आडवा धरून बघत होते. पहिला सांधा तीनदा सोडवला. माझे वेढे तुमच्यासारखे सरळ बसत नाहीत, दोन वेढ्यांत फट राहते. आर्या वरनं बघत होती. "चाचाचं आसं नव्हतं," ती म्हणाली. मी म्हणाले, "माहीत हाय गं बाई." सकाळी दहाला बसलो ते चार वाजले. सविताच्या हातांना कापरं भरलं तेव्हा शेजारची बाई येऊन धरून गेली. पायांच्या कांबी चार बोटं लांब केल्या. पाचर आता लागली नाही, डावा पाय थोडा उतरलाय तिचा. हे तुम्हाला सांगायचं होतं, चाचा. तिचा डावा पाय उतरलाय.

आणि मग ती वेळ आली. चौकट उभी, पोरगी आत, सगळे पट्टे लोकरीसकट लावलेले, आणि माझे दोन्ही हात तिच्या काखेखाली. सविता म्हणाली, "ताई, काडा की हात." मी म्हणाले, "काढते." काढले नाहीत. "ताई, तिला गुदगुल्या व्हत्यात." बोटं एकेक करून काढली. मला वाटत होतं की आता कडकन आवाज येणार, आता सूत सरकणार, आता पोरगी माझ्या अंगावर येणार. काखेतली ती जुनी सोललेली जागा माझ्या डोळ्यांपुढं आली. हात काढून मी खाली जमिनीवर उताणे धरून बसले, पडली तर झेलायला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. सविता पदर खोचून ओट्याशी गेली होती. परत येऊन म्हणाली, "आवं, उठा की आता. च्या ठिवलाय."

चहा घेतला, पण नजर सांध्यांवर. तासभर बसले. सविता हळूच म्हणाली, "ताई, पुढच्या बारीला कोन येनार?" मी म्हणाले, "मी."

निघाले. महामार्गावर ट्रकांच्या मागनं चालले होते आणि टोलनाका दिसला, तेव्हा डोक्यात लख्खकन आलं: डाव्या पायाचा सगळ्यात खालचा सांधा. त्याचं टोक मी आत सरकवलं होतं का? सूत कापलेलं आठवत होतं, खळ लावलेली आठवत होती. टोक सरकवलेलं काही केल्या आठवेना. पुढच्या पुलाखालनं गाडी वळवली. मागचा एक ट्रकवाला काय काय बोलला ते लिहीत नाही. सगळी वाट मी स्वतःशीच बडबडत होते, सरकवलं असशील, सरकवलं असशील.

गाडी गल्लीच्या तोंडाशीच बंद केली. उगाच सविताला धसका नको. पायातल्या चपला हातात घेऊन दारापर्यंत गेले. दार उघडं. आर्या ओट्यापाशी चौकटीत उभी होती, परातीतलं पीठ थापत. मी वाकून डावा पाय बघितला. टोक आत होतं. सूत जागच्या जागी. सविता मागं न्हाणीत कपडे धूत होती, तिचा आवाज येत होता. मी तशीच मागं फिरणार, तेवढ्यात आर्यानं मान वळवली.

"ताई, तू बी परत आलीस व्हय?"

"बी म्हणजे गं?"

"चाचा बी आलतं की. त्या दिशी, बांदून झाल्यावर. आई मागंच हुती. स्टँडावनं परत आलं आन् आसंच दारात हुभं ऱ्हायलं, वाकून बगत. मी म्हनलं, च्या घ्या. तर म्हनलं, न्हाई, यष्टी हाय. आन् ग्येलं."

"मग?"

"मग परत आलं." तिनं पिठाचा हात वर करून बोटं मोजली. "तीनदा आलतं. कुनाला सांगू नगं म्हनलं हुतं मला."

मी हातातल्या चपला खाली ठेवल्या. तीनदा, चाचा? स्टँडपासनं, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी?

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय न्हाई," आर्या म्हणाली. "तिसऱ्यांदा आलं तवा मी त्यांस्नी हात सोडून दावलं. आसं." आणि पिठानं पांढरे झालेले दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, कशालाही न धरता, ती माझ्याकडं बघत उभी राहिली.